भिंतीतून आलेली पाहुणी

नाइन माइल
६ एप्रिल १९८८, ईस्टरनंतरचा बुधवार

प्रिय ऊना,

प्रभू उठला आहे, आणि यंदा त्याच्याबरोबर बेडूकही उठले!

खुर्चीत नीट बस आणि मग वाच, कारण मला सगळं एका दमात सांगायचंय. मार्चमध्ये आमच्याकडे पाऊस पडला. नाइन माइलच्या वाळवंटात! दोन वर्षं आभाळाकडे बघून मान दुखली होती, आणि मग तीन दिवस असा कोसळला की हायवे तुटला, टपालाचा ट्रक अडकला, दुकानातलं पीठ संपलं. कोणी म्हणून कोणी कुरकुर केली नाही. म्हातारा क्लॅरी तर नुसत्या बनियनवर रस्त्यात उभा होता. (माझ्या फ्रँकचा खाणीतला भागीदार. फ्रँकला ॲडिलेडला पुरलं त्या दिवशी तुझ्याशेजारी उभा राहून मोठ्यानं रडला होता, तो.) मी ओरडले, "अरे, न्यूमोनिया होईल!" तर म्हणाला, "होऊ दे की, इथे वाळूचा खोकला सोडून काही नवीन होतच नाही!"

फादर ड्रिस्कॉल चिखलात अडकले, म्हणून ईस्टरच्या सकाळची प्रार्थना मीच चालवली. आमचं चॅपल आमच्या घरांसारखंच टेकडीच्या पोटात कोरलेलं. आत अगदी शांत असतं. मी शुभवर्तमान वाचलं. सगळे उभे राहिले. उपवासाचे चाळीस दिवस म्हणायचं नसतं म्हणून तोंडात धरून ठेवलेलं आलेलुया म्हणायला मी श्वास घेतला, आणि दाराजवळच्या पवित्र पाण्याच्या भांड्यातून कोणीतरी माझ्याआधी म्हटलं. बेडूक! दोन वर्षं मातीखाली पोटात पाणी घेऊन झोपलेला, टरारलेला, हिरवट बेडूक. तो काही थांबेना. शेवटी आम्ही त्याच्याच सुरात सूर लावला. आयुष्यात इतकं छान ईस्टर मी पाहिलं नव्हतं.

आणि आता बाहेर बघ: जिथे नुसते दगड होते तिथे हिरवी लव आलीये. ऑगस्टपर्यंत फुलं येतील.

म्हणून लिहिते. नाताळच्या कार्डात तू एका ओळीत लिहिलंस की तुमचं कॉन्व्हेंट विकणार. एका ओळीत! चाळीस वर्षं त्या घरात काढून! ऊना, तू इकडे ये. पाहुणी म्हणून नव्हे, कायमची. खोली नाही म्हणशील, तर इथे कोणी खोली बांधत नाही, खणतात. मी तुझ्यासाठी खणीन. आठवतं, शाळेत मी तुला बुटांच्या कपाटात कोंडलं होतं आणि तू आतून मरियामातेच्या गीताची सगळी कडवी म्हणत होतीस? सिस्टर अँसेल्म धावत आल्या, त्यांना वाटलं बूटच गाताहेत! अजून आठवलं की एकटीच हसते.

ये ना.

तुझी विनी


ॲडिलेड
१९ एप्रिल १९८८

प्रिय विनी,

तुझं पत्र जेवणाच्या टेबलावर वाचून दाखवलं. बेडकाशी आलो तेव्हा सिस्टर कोलंबांनी सूप पुढ्यात सांडलं. त्या ब्याऐंशी वर्षांच्या आहेत. त्यांना आता मुद्दाम हसवायला बंदी केली आहे.

हो, घर विकलं जाणार. आम्ही पाचच जणी उरलो, आणि खोल्या एकतीस. बाकीच्या चौघी समुद्राकाठी आमच्या संस्थेच्या वृद्धाश्रमात जातील. आमच्या प्रमुख, मदर प्रोव्हिन्शियलनी मला वेगळं विचारलं. म्हणाल्या, "तू चौसष्टचीच आहेस. कुठे काम असेल आणि डोक्यावर छप्पर असेल, तर मी परवानगी देईन. पण ऑगस्टच्या एकतीस तारखेपर्यंत सांग. त्यानंतर समुद्र."

तू बोलावलंस, याचा मला किती आनंद झाला ते पत्रात लिहिता येत नाही. पण विनी, माझी छाती नाजूक आहे, आणि तुमच्याकडची धूळ प्रसिद्ध आहे. तुमचे फादर महिन्यातून एकदा येतात. मला रोज सकाळच्या मिस्सेच्या प्रार्थनेची सवय. शिवाय इथले गुलाब मी स्वतः लावलेत. विचार करते.

कपाटाचं तू लिहिलंस. बरंच लक्षात ठेवतेस तू.

प्रेमळ आशीर्वाद,
ऊना


नाइन माइल
३० एप्रिल १९८८

प्रिय ऊना,

"विचार करते" म्हणजे हो! सिस्टर अँसेल्मना सुट्टी मागितली की त्या असंच म्हणायच्या आणि मग द्यायच्या. मी काम सुरू केलंय.

धुळीचं म्हणशील तर धूळ असते बाहेर. टेकडीच्या आत हवा थंड आणि स्वच्छ. बाहेर सत्तेचाळीस डिग्री असू दे, आत मी शाल पांघरून बसते. आणि भिंत कसली सुंदर निघतेय! गुलाबी, मग साय घातल्यासारखी पांढरी, मग पुन्हा गुलाबी. तुझी खोली न रंगवताच रंगलेली असेल.

खणतोय क्लॅरी. मी बादल्या भरते आणि त्याला शिव्या देते. माझ्या दिवाणखान्याच्या मागच्या भिंतीतून पूर्वेकडे आत शिरायचं, असं ठरलं. त्या बाजूला, टेकडीच्या पलीकडच्या अंगाला रादोवानचं घर आहे. हा सर्बियन म्हातारा. माझ्याशी सहा वर्षं बोललेला नाही. झालं असं की माझ्या कुत्र्यानं त्याचा कोंबडा खाल्ला. कुत्र्याला त्यानं माफ केलं, रोज सकाळी त्याला नाव घेऊन "सुप्रभात" म्हणतो. मला केलं नाही, कारण मी हसले होते. (ऊना, पिसं लागलेलं तोंड घेऊन कुत्रा चॅपलमध्ये आला होता. तूही हसली असतीस.)

तर दोन घरांमध्ये जाड भिंत राहायला हवी, हा इथला नियम. क्लॅरी टेकडीवर चढला. माझ्या घराचा हवेचा पाइप वर निघतो तिथून रादोवानच्या पाइपापर्यंत पावलं मोजत गेला. आतल्या भिंती पाइपापासून किती लांब, ते त्याला तोंडपाठ. "बावीस पावलं," वरून ओरडला, "म्हणजे बावीस यार्ड! इथे तर नाचायला हॉल निघेल, बाईसाहेब!"

"नाचायला नको, निजायला पाहिजे," मी म्हटलं.

बिछाना कुठल्या भिंतीला लावू ते कळव.

तुझी विनी


नाइन माइल
७ मे १९८८, शनिवार

ऊना! ऊना! ऊना!

तुझ्या उत्तराची वाट बघायला मला वेळ नाही. काल काय झालं ते ऐक.

दुपारचे बारा वाजले होते. खोली जवळजवळ झाली होती. क्लॅरी म्हणाला, "तुमच्या सिस्टरला मूर्ती ठेवायला एक कोनाडा काढून देतो, आपल्यातर्फे भेट." कोनाडा छातीच्या उंचीवर घेतला. ड्रिल लावलं, घर्र घर्र, आणि एकदम ड्रिल आत गेलं. म्हणजे आत गेलं तर गेलंच! क्लॅरी पण मागोमाग खांद्यापर्यंत गेला. धुळीचा लोट उठला. धूळ खाली बसली तर भोकातून उजेड येत होता. आणि वास. पाव, मेणबत्ती, भाजलेला मासा.

मी क्लॅरीला बाजूला ओढून डोकं घातलं.

समोर रादोवान. काळा सूट, टाय. त्याच्यामागे लांब टेबल, टेबलाभोवती बारा-तेरा माणसं, सगळे नटूनथटून, आणि सगळ्यांच्या केसांवर आमची गुलाबी माती! टेबलावर मोठी मेणबत्ती, क्रूस काढलेला गोल पाव, आणि रादोवानच्या हातात संत जॉर्जची तसबीर. ती भिंतीतून पडताना त्यानं झेलली होती. क्लॅरीचं ड्रिल बरोब्बर तसबिरीच्या मागे निघालं होतं. रादोवाननं कोणाला न सांगता संतासाठी भिंतीत खोल कोनाडा खणला होता. त्याच्या बाजूनं तो कोनाडा, आमच्या बाजूनं आमचा! आणि क्लॅरीचं गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्याचं एक पाऊल यार्डभर राहिलेलंच नाही, हे आम्हा दोघांच्याही टाळक्यात आलं नव्हतं. बावीस कसले, सतरा असतील जेमतेम.

मी तशीच, डोकं भोकात. सहा वर्षांचं भांडण. म्हटलं, "रादोवान, आज सण आहे वाटतं?"

तो म्हणाला, "माझ्या घराण्याच्या संताचा दिवस आहे." आवाज असा की त्यात दगड टाकला तर तळाला जायला वेळ लागेल. "या दिवशी आम्ही कोणाला आमंत्रण देत नाही. ज्याला यायचं तो येतो. आणि जो आला त्याला परत पाठवत नाही."

"अरे, पण मी..."

"चारशे वर्षं आमच्याकडे लोक दारातून आले," तो म्हणाला. "तू पहिली भिंतीतून आलीस. हात दे."

ऊना, चौसष्टाव्या वर्षी, एप्रनवर, दोन सर्बियन पुरुषांनी ओढून मला भिंतीतून पलीकडे काढलं! मागून क्लॅरी ढकलत होता आणि म्हणत होता, "श्वास आत घ्या, बाईसाहेब, श्वास!" मग क्लॅरी आला. मग कुत्रा आला. कुत्र्याला पाहून सगळे हसायला लागले. रादोवान सगळ्यात मोठ्यानं.

आधी शिजवलेले गोड गहू चमच्यानं खायला दिले. प्रत्येक पाहुण्यानं क्रूसाची खूण करून खायचे. त्यातही थोडी माती होती, कोणी बोललं नाही. शुक्रवार म्हणून टेबलावर मासा आणि घेवडा. मी त्याला म्हटलं, "मी तुझा कोंबडा हसण्यावारी नेला, चुकलं माझं." तो म्हणाला, "कोंबडा वाईट होता. पहाटे तीनला आरवायचा. मला राग होता तो दुसऱ्याच गोष्टीचा. तुमच्या घरातून रोज हसण्याचा आवाज यायचा, आणि माझ्याकडे फक्त घड्याळ होतं."



निघताना मी म्हटलं, "सोमवारी क्लॅरी भोक बुजवून देईल." रादोवाननं मान हलवली. ती हो होती की नाही, कळलं नाही.

तुझी, अजून केसांत माती असलेली,
विनी


ॲडिलेड
२१ मे १९८८

प्रिय विनी,

हे पत्र मी टेबलावर वाचलं नाही. सिस्टर कोलंबांना हृदयाचा त्रास आहे. पण रात्रीच्या प्रार्थनेत संत जॉर्जचं नाव आलं आणि मला हसू आवरेना. चाळीस वर्षांत पहिल्यांदा मी प्रार्थना सोडून चॅपलबाहेर गेले.

तुमच्या म्हाताऱ्याला माझा नमस्कार सांग. त्याच्या पाहुण्यांच्या रिवाजाबद्दल मी दोन दिवस विचार करतेय. आपल्या घरात कोण येणार हे आपण ठरवायचं नाही. आम्ही नन झालो तेव्हा हेच शिकवलं होतं, आणि मग आम्ही दाराला तीन कड्या बसवल्या.

तू बिछान्याचं विचारलं होतंस. अजून काही लावू नकोस. डॉक्टर म्हणतात छातीचा फोटो काढू. आणि खोलीचं म्हणशील तर ती किती आत आहे? तिला खिडकी कुठून मिळणार? उगीच विचारते.

एकतीस ऑगस्टला अजून बराच वेळ आहे.

ऊना


नाइन माइल
१० जून १९८८

प्रिय ऊना,

तीन आठवडे मी थांबले, म्हणजे शहाण्यासारखं लिहिता येईल. जमत नाही. तेव्हा सरळ लिहिते.

तू म्हणालीस धूळ. मी सांगितलं, आत धूळ नाही. तू म्हणालीस मिस्सा. मी फादरना विचारलं. ते म्हणाले, "सिस्टर येणार असतील तर मी दर पंधरा दिवसांनी येईन, आणि त्या मधल्या रविवारी प्रार्थना चालवतील. तुझ्यापेक्षा बरं वाचतील." (असं म्हणाले!) काम म्हणशील तर शाळेत अकरा मुलं आहेत. त्यांना प्रभूची गोष्ट सांगायला मी आहे, पण मला मध्येच बेडूक आठवतात. चॅपलमध्ये हार्मोनियम आहे, तिच्या तीन पट्ट्या मुक्या होत्या. रादोवाननं ती उघडली तर आत पालीचं कुटुंब! पाली गेल्या, सूर आला. गुलाब म्हणशील तर इथे गुलाब नाहीत. पण काल चॅपलच्या वाटेवर डेझर्ट पी या वाळवंटातल्या रानवेलीची पहिली कळी दिसली. लाल, आणि मधोमध काळा डोळा. माझ्याकडे अशी बघत होती की मीच ओशाळले.

खिडकी नाही, हे खरं. टेकडीच्या पोटात खिडकी कोणाकडे बघणार? पण भोक आहे! ते बुजवलेलं नाही. सोमवारी क्लॅरी सिमेंट घेऊन आला तर रादोवान म्हणाला, "आज नको." मंगळवारीही आज नको. आता आम्ही त्यावर पडदा लावलाय. सकाळी त्याची कोंबडी त्यातून इकडे येते आणि माझ्या खोलीत, म्हणजे तुझ्या खोलीत, अंडं घालते.

पण ऊना, मी मूर्ख नाही. अकराव्या वर्षापासून तुला ओळखते. तू कारणं देत नाहीस, तू कारणं बदलतेस. तुला माझ्याकडे यायचं नसेल तर तसं लिही. मी रडेन, पण मग चहा करून घेईन. खोटं लिहू नकोस.

विनी


ॲडिलेड
२६ जून १९८८

प्रिय विनी,

तू म्हणतेस तसं सरळ लिहिते. तीन कागद फाडले आहेत. हा चौथा.

छातीचा फोटो चांगला आला. छाती तुझ्या कुत्र्यासारखी धडधाकट आहे.

ज्या दिवशी तू मला बुटांच्या कपाटात कोंडलंस, त्या दिवशी मी बारा वर्षांची होते. तू कडी लावलीस, आणि मग घंटा झाली आणि तू मुलींबरोबर जेवायला गेलीस. तू मला विसरलीस. तुला ते आठवत नाही, कारण तुझ्या आठवणीत ते पाच मिनिटांचं आहे. ते जेवणाच्या सुट्टीइतकं लांब होतं. आत पूर्ण काळोख होता, आणि मी आधी गात नव्हते, मी तुला हाका मारत होते. बऱ्याच हाका मारल्यावर, कोणीच ओ देत नाही हे कळल्यावर, मी गाऊ लागले. म्हणजे निदान कोणाचा तरी आवाज ऐकू येईल, माझा का असेना.

तेव्हापासून मी खिडकी उघडी ठेवल्याशिवाय झोपलेले नाही. थंडीतही नाही. नव्या मुलींना वाटायचं, सिस्टर ऊना तपश्चर्या करतात. मी त्यांना तसं वाटू दिलं. हे पाप मी दर वर्षी कबूल करते आणि दर वर्षी पुन्हा करते.

तू माझ्यावर रागावू नकोस, आणि स्वतःवर तर मुळीच नको. तू बारा वर्षांची होतीस. पण मी टेकडीच्या पोटातल्या खोलीत झोपू शकणार नाही, विनी. माझं तुझ्यावर प्रेम आहे, हेच मी बावन्न वर्षं कारणं बदलून सांगत आले.

ऊना


नाइन माइल
४ जुलै १९८८

माझी ऊना,

मला खरंच आठवत नव्हतं की मी जेवायला गेले होते. तुझं पत्र वाचून आठवलं. त्या दिवशी पुडिंग होतं. मी पुडिंग खाल्लं, ऊना, आणि तुझंही खाल्लं, कारण तुझी जागा रिकामी होती. आणि मग बावन्न वर्षं मी ही गोष्ट सगळ्यांना हसवायला सांगितली. फ्रँकला, लेकीला म्हणजे जिनेटला, फादरांना, गेल्या महिन्यात रादोवानला. तो हसला नव्हता. मला वाटलं, त्याला कळलं नाही.

माफ कर.

आता तू येऊ नकोस. मनापासून म्हणते. समुद्राकाठी जा, खिडकी सताड उघडी ठेव, आणि मी वर्षातून दोनदा बसनं येईन आणि तुझ्या खिडकीत बसून वाळवंटाच्या गप्पा मारीन. खोलीत आम्ही भोपळे ठेवू. रादोवानकडे भोपळे फार आहेत.

तुझी विनी


ॲडिलेड
२० जुलै १९८८

प्रिय विनी,

भोपळे इतक्यात ठेवू नकोस.

तुझं पत्र घेऊन मी बागेत बसले. मला वाटलं होतं, सांगून टाकलं की हलकं वाटेल आणि मग समुद्राला हो म्हणता येईल. हलकं वाटलं. पण समुद्राला हो म्हणता येईना. रागच आला, समुद्राचा! बिचाऱ्यानं काय केलंय?

मदरना सांगून तीन आठवडे मागून घेतलेत. पाच ऑगस्टच्या बसनं येते. बघायला. मी दिवाणखान्यात, दाराजवळ झोपेन आणि दार उघडं ठेवीन. त्या खोलीत जायचा मला आग्रह करायचा नाही. कोणीही नाही. कोंबडीनंही नाही.

आणि विनी, त्या पुडिंगचं. कसलं होतं? बावन्न वर्षं मला वाटत होतं त्या दिवशी नुसता भात होता.

ऊना


नाइन माइल
२५ ऑगस्ट १९८८

प्रिय विनी,

आजी झालीस! जिनेटच्या बाळानं महिनाभर आधी यायचं ठरवलं, आणि तू इथून ॲडिलेडला पळालीस, आणि मी ॲडिलेडहून इथे आलेली, तुझ्या घरात तुझ्या कुत्र्यासोबत एकटी. देवाला असे विनोद आवडतात. बाळ दोन किलोंचं आहे हे क्लॅरीनं साऱ्या गावाला सांगितलं. शेवटच्या माणसापर्यंत ते साडेतीन किलोंचं झालं होतं.

तू नसताना काय झालं ते लिहिते. पत्र लांब आहे. बाळ झोपलं की वाच.

रविवारची प्रार्थना मी चालवली. अकरा मुलं आणि सोळा मोठे, शिवाय कुत्रा. बाहेर आलो तर टेकडीखालची सगळी जमीन पांढऱ्या-पिवळ्या फुलांनी भरलेली, आणि एक हिरवा ढग आमच्या डोक्यावरून गेला. बजरीगर, ते इवलेसे पोपट! हजारो! आपल्याकडे पिंजऱ्यात दोन असतात, ते इथे आभाळ भरून. मी हातातलं पुस्तक टाकून नुसती ओरडले. एक मुलगी म्हणाली, "सिस्टर, तुम्ही याआधी पक्षी पाहिले नाहीत का?" मी म्हटलं, "वाटतं, नाहीच."

आता मंगळवारचं.

दुपारचे दोन वाजले होते. मी दाराजवळच्या माझ्या बिछान्यावर वाचत होते, आणि पुस्तकाचा दुसरा भाग हवा होता. तू तो त्या खोलीत ठेवला होतास. मी खोलीत यापूर्वी चारदा गेले होते. दिवा लावून, दाराकडे तोंड ठेवून, दहा मोजायच्या आत परत. या वेळी पुस्तक खालच्या फळीवर होतं, म्हणून मी वाकले. आणि गावाची वीज गेली. दारातला उजेड दिवाणखान्याच्या वळणापलीकडे इतक्या आत पोचतच नाही.

विनी, तुमच्याकडचा काळोख मला माहीत नव्हता. डोळे उघडे की मिटलेले, ते हातानं चाचपून बघावं लागलं. दार कुठल्या बाजूला, कळेना. मी पुन्हा बारा वर्षांची झाले. चामड्याचा वाससुद्धा आला, खोटं नाही सांगत. गावंसं वाटलं, तर एकही कडवं आठवेना. आणि मी काय केलं असेल? हाक मारली. "विनी!" तू सातशे किलोमीटरवर, हातात बाळ घेऊन.

"सिस्टर," भिंतीतून आवाज आला, "हलू नका. कोंबडी तुमच्या उजव्या पायाशी आहे. अंड्यावर बसलीय, चोच मारते."

रादोवान! पडद्यापलीकडून. तो म्हणाला, "काड्यापेटी सापडत नाही. सापडेपर्यंत मी बोलत राहतो. तुम्ही आवाजाकडे या, मी हात देतो. विनी आली तसं."

मी आवाजाकडे दोन पावलं गेले. भोकाची कड हाताला लागली. त्याचा हातही लागला, खरखरीत, कांद्याचा वास असलेला. आणि विनी, मला स्वतःलाच कळलं नाही, मी म्हटलं, "नको, मी इथेच बसते. तुम्ही बोला."

"इथेच? काळोखात?"

"हो. कोंबडी बसलीय ना."

तो हसला. मग मी माझ्या बाजूला जमिनीवर बसले, तो त्याच्या बाजूला. त्यानं त्याच्या गावाची गोष्ट सुरू केली. त्यांच्या घरी बारा शेळ्या, आणि एक शेळी अशी की ती चर्चमध्ये जाऊन मेणबत्त्या खायची. पाद्री म्हणायचा, तिला बाप्तिस्मा द्या नाहीतर कापा. रादोवानच्या आईनं रविवारी तिला अंघोळ घातली, गळ्यात रिबीन बांधली, आणि घेऊन निघाली. सगळं गाव मागे. मी विचारत होते, मग? मग पाद्रीनं काय केलं? मध्ये एकदा माझ्याकडून "काहीतरीच!" असं जोरात निघालं, आणि कोंबडीनं चोच मारली. त्यानं सांगितलं होतं तशीच.

ते चर्चच्या दारापर्यंत आले होते, पाद्री दारात उभा होता, तोंड उघडलं होतं, आणि दिवे आले.

विनी, मला राग आला. दिवे आले म्हणून! गोष्ट अर्धी राहिली. मी भोकातून बघितलं. तो भिंतीला टेकून पाय पसरून बसलेला, मांडीवर काड्यापेटी. सापडलेली कधीचीच.

"तुम्हाला मिळाली होती?" मी विचारलं.

"हो," तो म्हणाला. "पण तुम्ही म्हणालात, बसते."

घड्याळात पावणेतीन वाजले होते. पाऊण तास. जेवणाच्या सुट्टीइतका.

मग मी बराच वेळ तिथेच बसून राहिले, दिवा लागलेला असताना. मी आयुष्यभर समजत आले की मला काळोखाची भीती वाटते. काळोखाची नव्हती. मी हाक मारली होती आणि कोणी ओ दिली नव्हती, त्याची होती. मी रोज सकाळी उठून प्रार्थना करते, प्रभू, तू ऐकतोस. आणि तरी रोज रात्री खिडकी उघडी ठेवून खात्री करून घेत होते. मदरना हे सांगितलं तर त्या मला मोठ्या तपश्चर्येला बसवतील.

काल क्लॅरीच्या मदतीनं माझा बिछाना त्या खोलीत नेला. त्याला विचारलं, "किती पावलं?" तो म्हणाला, "माझी की तुमची?" पडदा मी अर्धा सरकवून ठेवलाय. रात्री पलीकडून घोरण्याचा आवाज येतो. फारच मोठा आहे. मी झोपले नाही, कारण त्यानं झोपू दिलं नाही. दुसरं काही कारण नव्हतं. आज त्याला तसं सांगितलं, तर म्हणाला, "सिस्टर, ते घोरणं नाही, ते भजन आहे. सर्बियन भाषेत."

मदर प्रोव्हिन्शियलना आज सकाळी पत्र टाकलं. टपालाचा ट्रक निघाला तेव्हा मी मागे धावले, पोस्टातल्या बाईनं शर्ट धरून मला थांबवलं. ती म्हणाली, "सिस्टर, ते उद्या संध्याकाळी पोचतंय, एकतीसला अजून वेळ आहे!" तरी मी पोस्टातून फोनही केला. मदर म्हणाल्या, "ऊना, तू ओरडत का बोलतेस?" मला कळलंच नव्हतं मी ओरडतेय.

शेळीचं काय झालं ते रादोवान सांगत नाही. म्हणतो, विनी परत आली की दोघींना एकदम सांगीन.

तेव्हा लवकर ये. जिनेटला आणि छोट्याला माझा आशीर्वाद. येताना कॉन्व्हेंटमध्ये जा, सिस्टर कोलंबांना माझा निरोप दे (हळू, बसवून), आणि माझी ट्रंक घेऊन ये. काळी, पितळी कोपऱ्यांची, माझ्या बिछान्याखाली आहे. जड आहे. उचलताना तोंड सांभाळ, शिव्या नकोत. आत सगळी प्रार्थनेची पुस्तकं आहेत.

तुझी,
ऊना